‘तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर?’ : एका परिचारिकेचं प्रकरण

हे प्रकरण प्रसूती विभागात काम करणाऱ्या एका परिचारिकेचं आहे. वय ३१, चार वर्षांचं एक मूल, नोकरीला नऊ वर्षं झालेली. तिच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्याच रुग्णालयात स्त्रीरोग विभागात आहे. या प्रकरणात माझ्याकडून चूक झाली, म्हणूनही ते लिहायचं होतं.

बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दल सांगणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग. तांबी हातात घेऊन दाखवायची, ती गर्भपिशवीत कशी बसते, दोरा कुठे राहतो, किती वर्षं चालते, सगळं समजावायचं. तिचं सांगणं बायकांना पटतं. तिची ड्युटी असली की तांबी बसवून घेणाऱ्यांची संख्या वाढते, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं. ती स्वतः मात्र काही वर्षं गोळ्यांवर होती. तिला कोणी लिहून दिल्या नव्हत्या. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर तिने आपल्या आपणच सुरू केल्या होत्या.

गोळीसाठी रात्री नऊचा गजर लावलेला. दिवसपाळीत तो घरी वाजायचा. रात्रपाळीला मोबाइल लॉकरमध्ये, गजरही लॉकरमध्येच. सकाळी घरी पोचून मुलाला शाळेत धाडेपर्यंत दहा वाजायचे आणि मग डोळे मिटायचे. गोळी आठवायची ती संध्याकाळी. महिन्यातून एकदोनदा हे व्हायचंच.

अशाच एका सकाळी तिने मला व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, नव्या पाकिटातल्या पहिल्याच आठवड्यातल्या दोन गोळ्या राहिल्यात. परवा संबंध आला होता. बहात्तर तासांवाली तातडीची गोळी घेऊन टाकू ना?”

मी शस्त्रक्रियेला निघाले होते. “घ्या की. तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर,” म्हटलं आणि पुढे गेले.

एखाद्या अनोळखी बाईने ओपीडीत हाच प्रश्न विचारला असता, तर मी तिला बसवून घेतलं असतं. अशा वेळी सगळ्यात खात्रीचा उपाय गोळी नसून तांबी असतो. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली, तर हजारात एखाद्याच बाईला दिवस राहतात, आणि पुढची कित्येक वर्षं गजराची गरज संपते. तिच्या हातात अजून तीन दिवस होते. हे मला माहीत होतं, बहुधा तिलाही माहीत होतं. बोललो मात्र दोघीही नाही.

त्या वेळी गोळीने निभावलं. दोन महिन्यांनी पुन्हा गोळ्या चुकल्या आणि या खेपेस दिवस राहिले. दुसरं मूल तिला आत्ता नको होतं. आमच्याच रुग्णालयात गर्भपाताची सोय असूनही ती रजा टाकून दुसऱ्या गावी गेली. कारण साधं होतं: आमच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिणारी, केसपेपर काढणारी, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसणारी, सगळी तिच्या रोजच्या जेवणाच्या डब्याची माणसं.

तिकडे तिला मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळाल्या. उपचार नीट झाले. पण तिथल्या डॉक्टरांनाही तिने आपण परिचारिका असल्याचं सांगितलं होतं. पुढे काय वापरणार, हा प्रश्न आला तेव्हा ते आपुलकीने म्हणाले, “तुम्ही तर यातल्याच आहात.” विषय तिथेच संपला. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतही स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. दंडात बसवायची गर्भनिरोधक काडी गर्भपाताची पहिली गोळी देतात त्याच दिवशी बसवता येते, आणि पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाली की तांबीही लगेच बसवता येते. हे ती वॉर्डात इतरांना सांगत आली होती. चौथ्या दिवशी कामावर हजर झाली आणि त्याच गोळ्यांचं नवं पाकीट उघडलं.

मला हे सगळं कळलं तीन महिन्यांनी. ओपीडी संपल्यावर ती दारात उभी राहिली. “मॅडम, केसपेपर न काढता बोलता येईल का?”

पहिली खरी भेट

त्या दिवशी मी ठरवून तिला काहीच माहीत नाही असं धरलं आणि तिलाही तसं सांगितलं. सुरुवात नेहमीच्या प्रश्नांपासून केली. पाळी कशी येते, रक्तदाब कधी मोजला, डोकं दुखतं का.

डोकं दुखायचं. अर्धशिशी, महिन्यातून दोनदा. दुखण्याआधी काही जाणवतं का, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, “डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात. वीसेक मिनिटं नीट दिसत नाही. मग ठणका सुरू.”

वैद्यकीय भाषेत हा ‘ऑरा’. ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा बाईसाठी या इस्ट्रोजेनवाल्या, म्हणजे मिश्र गोळ्या चौथ्या, म्हणजे अजिबात न वापरण्याच्या गटात येतात. रोज शेकडो माणसं तपासणाऱ्या इमारतीत ती काही वर्षं याच गोळ्या घेत होती आणि एवढा एक प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. रक्तदाब मोजला, तो ठीक निघाला. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि साधन ठरेपर्यंत निरोध वापरायला सांगितलं.

मग मी विचारलं, “तांबी का नाही बसवली आजवर?” ती बराच वेळ बोलत राहिली. ती जे बोलली त्यात मला या प्रकरणाचं मर्म दिसतं.

आधी भीती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिने एक बाई पाहिली होती. तांबी पिशवी भेदून पोटात गेलेली, दुर्बिणीने काढावी लागलेली. दोरा न सापडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. तांबी असूनही दिवस राहिलेली एक जण तर तिच्याच हातून बाळंत झाली होती. हे सगळं खरंच घडलेलं आहे. पण वॉर्डात ज्यांचं बिनसलं त्याच येतात. तांबी बसवून दहा वर्षं सुखाने राहिलेली बाई रुग्णालयाची पायरी कशाला चढेल? आम्ही आरोग्यातली माणसं आयुष्यभर या अशा गाळून आलेल्या बायका बघतो आणि तेच जग आहे असं धरून चालतो. सामान्य बाईला ऐकीव गोष्टींची भीती असते. तिला डोळ्यांनी पाहिलेल्याची होती, आणि ती ‘तसं काही नसतं हो’ म्हटल्याने जाणारी नव्हती.

दुसरं म्हणजे तिच्या वरिष्ठ सिस्टरांचं बोलणं. “जंतुसंसर्ग होतो, आमच्या वेळी काय काय पाहिलंय,” असं त्या खाजगीत सांगायच्या. या भीतीचं मूळ पुष्कळ जुनं आहे. अमेरिकेत १९७१ ते १९७४ दरम्यान डॅल्कन शील्ड नावाचं साधन विकलं जात होतं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतू एकत्र करून वर आवरण घातलेला होता, आणि त्या तंतूंतून जंतू वातीसारखे वर पिशवीत चढत. गंभीर संसर्ग झाले, मृत्यूही झाले. ते साधन गेलं, पण त्याने गर्भपिशवीतल्या सगळ्याच साधनांना लावलेला बट्टा पुढे कित्येक वर्षं टिकला. आजच्या तांबीचा दोरा एकाच सलग धाग्याचा असतो. संसर्गाचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत थोडा वाढतो, तोही मुख्यतः आधीच संसर्ग असेल तर. डॅल्कन शील्डचं नावही न ऐकलेल्या पिढीपर्यंत भीती मात्र जशीच्या तशी पोचली आहे.

तिसरं कारण सांगताना तिने मान खाली घातली. टेबलावर झोपायचं कुणापुढे? जिच्याबरोबर रात्री ड्युटी करते ती सिस्टर हातात ट्रे घेऊन उभी असणार, आणि उद्या तिच्याशीच औषधांच्या चार्टवरून वाद घालायचा. बाळंतपणाच्या वेळी सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे तांबी बसवून देऊ म्हटलं होतं. तिने घाईघाईने नकार दिला होता, तो याच संकोचापोटी.

ज्ञान कमी पडलं म्हणून स्त्रिया ही साधनं वापरत नाहीत, असं आपण धरून चालतो आणि म्हणून पोस्टर लावतो, प्रशिक्षण घेतो. या बाईला ज्ञानाची काय कमी होती? तिला कमी पडली होती ती रुग्ण होण्याची संधी. आपल्या पेशात ती कोणी देत नाही, आणि मागायचीही लाज वाटते.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कुटुंबनियोजनाची सेवा देणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्के स्वतः तांबी किंवा काडी वापरत होत्या. सर्वसाधारण स्त्रियांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं. सेवा देणाऱ्या स्वतः ती साधनं वापरतात तेव्हा त्यांचं सांगणंही अनुभवाचं होतं. पण या बाया बहुतेक त्याच सेवेच्या केंद्रात काम करणाऱ्या. वॉर्डातली परिचारिका, लॅबमधली तंत्रज्ञ, घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती यांनाही आपण त्यांच्यातच मोजतो. तिथेच चुकतो.

निवड

भीतीला उत्तर म्हणून मी आकडे मांडले, पण वॉर्डाच्या भाषेत. हजार जणींनी वर्षभर कॉपर टी ३८०ए, म्हणजे साधी तांबी वापरली, तर पहिल्या वर्षात साधारण ८ जणींना दिवस राहतात. रोज विसरत-आठवत गोळ्या घेणाऱ्या हजार जणींत साधारण ७०. हार्मोनच्या तांबीत (हिच्यात तांब्याऐवजी हार्मोन असतं) हजारी एक-दोन, काडीत त्याहून जास्त नाही. पिशवीला छिद्र पडण्याचा प्रसंग हजारात एखाद-दुसरा. अंगावर पाजणाऱ्या बाईत हा धोका वाढतो, पण तिचं मूल चार वर्षांचं होतं. तांबी आपोआप निसटण्याचं प्रमाण मात्र मी लपवलं नाही: वीसात एक. “म्हणजे वॉर्डात मी त्या आठ जणी पाहते,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “आणि सत्तर जणी गर्भपातासाठी येतात त्या मी गोळ्यांच्या खात्यात कधी मोजल्याच नाहीत.”

काडी तिला नको होती. अंगावरून कधी, किती जाईल याचा नेम नसतो आणि काडी काढून घेणाऱ्या बऱ्याच जणी याच कारणाने काढतात. हार्मोनची तांबी मी सुचवली. तिच्या अर्धशिशीत ती चालण्यासारखी होती, शिवाय रक्तस्राव कमी होतो. पण तिनेच पाळी बंद होऊ शकते का विचारलं. वर्षभरात पाचातल्या एखादीची होते, असं सांगितल्यावर तिने लगेच मान हलवली. “मॅडम, पाळी आली की मला सुटल्यासारखं वाटतं. आलीच नाही तर मी दर महिन्याला टेस्ट करत बसेन.” नुकतंच जे होऊन गेलं होतं त्यानंतर हे समजण्यासारखं होतं. तिने साधी तांबी निवडली.

माझं मत वेगळं होतं, पण निवड तिची होती, आणि ती सगळं समजून केलेली होती.

बसवणं, आणि पुढचे पाच महिने

वेळ ठरवली रविवारची दुपार. मदतीला दुसऱ्या विभागातली एकच सिस्टर, तीही तिनेच निवडलेली. कागदावर नावाऐवजी क्रमांक. आयब्युप्रोफेन आधी दिलं, गर्भाशयमुखाजवळ भूल दिली, प्रत्येक पायरीला आता काय करते आहे ते सांगितलं. ‘थोडंसं दुखेल’ हे आपण सगळ्याच पेशंटना म्हणतो. तिने नंतर सांगितलं की ते थोडंसं नव्हतं, पण आधी कळलं होतं म्हणून सहन झालं.

पहिल्या तीन पाळ्या जड गेल्या. तांबीमुळे पाळी वाढते, तीन ते सहा महिन्यांत बहुतेक जणींची कमी होत जाते, हे दोघींनाही ठाऊक होतं. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला. पण बारा तासांच्या ड्युटीत पॅड बदलायला चार-चार तास सवड न मिळणं हे कुठल्याच पुस्तकात नाही. प्रसूती चालू असताना बाईला सोडून जायचं कसं? एकदा गणवेशाला डाग पडला आणि तिने वरून एप्रन बांधून उरलेली ड्युटी काढली. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.४ वर आलं.

मी तेव्हा रजेवर होते. तिने ड्युटीवरच्या एका वरिष्ठ डॉक्टरांना तांबी काढायला सांगितलं. उत्तर मिळालं, “अजून एक महिना दम धरा, सिस्टर. तुम्हीच धीर सोडला तर पेशंटनी काय करायचं?”

ही कळकळ खरी होती, तरी ते उत्तर चूकच होतं. या साधनांच्या इंग्रजी नावातच (लाँग ॲक्टिंग रिव्हर्सिबल कॉन्ट्रासेप्शन) ‘हवं तेव्हा काढता येणारं’ या अर्थाचा शब्द आहे. बाई काढा म्हणाली की काढायचं. समजावणं जरूर करावं, पण अडवणं नाही. बसवायला आम्ही तत्पर आणि काढायला टाळाटाळ करणारे, असं एकदा बायकांच्या कानी गेलं की पुढे कोणी बसवूनही घेत नाही. तिला त्या उत्तराचा राग आलाच, पण जास्त टोचलं ते वेगळंच. मी परतल्यावर ती म्हणाली, “मॅडम, हेच वाक्य मी किती जणींना म्हटलंय. ‘अजून एक महिना.’ त्यांचं हिमोग्लोबिन किती होतं, मी पाहिलंही नव्हतं.”

मी काढते म्हटलं आणि पुढे काय, ते तिच्यावर सोडलं. या वेळी हार्मोनच्या तांबीचा विषय तिनेच काढला. पाळी बंद होण्याच्या भीतीबद्दल आम्ही पुन्हा बोललो. आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून स्राव होत नाही, रक्त आत साठून राहत नाही, हे तिला माहीत होतं, तरी पुन्हा ऐकायचं होतं. शंका आली तर टेस्ट करायची, त्यात कमीपणा नाही, असंही ठरलं. पाळीच्या चौथ्या दिवशी एकाच बैठकीत जुनी काढली आणि नवी बसवली. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत हे केलं की मध्ये संरक्षणाशिवायचे दिवस राहत नाहीत.

लोहाच्या गोळ्या तीन महिने दिल्या. सुरुवातीला अधूनमधून डाग लागायचे, चौथ्या महिन्यापासून पाळी दोन दिवसांवर आली. या काळात तिने दोनदा घरी टेस्ट केली. दोन्ही वेळा मला मेसेज आला, आणि मी दोन्ही वेळा उत्तर दिलं.

विभागात काय बदललं

फार काही नाही, आणि जे बदललं त्यालाही सहा महिने लागले. रुग्णालयातल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी पंधरवड्यातून एक दुपार ठेवली आहे. ती आमच्या ओपीडीत नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत असते, जिथे इतर आजारांच्या तपासण्याही होतात. त्यामुळे दारात कोणी दिसलं तरी कशासाठी आलं ते कळत नाही. नोंद क्रमांकाने होते आणि ते रजिस्टर कुलपात राहतं. त्या दिवशी रात्रपाळी असलेलीला ती बदलून मिळावी असा आग्रह धरला. मेट्रननी आधी नकार दिला आणि मग मान्य केलं. आणि मी माझ्यापुरता नियम केला आहे: व्हरांड्यात कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही, वेळ द्यायची.

पैशाची अडचण काढली आणि साधनं नीट समजावली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या चॉइस प्रकल्पात दिसलं होतं. २००७ ते २०११ दरम्यान नऊ हजारांहून अधिक स्त्रियांना कुठलंही साधन मोफत दिलं, तेव्हा चारातल्या तिघींनी तांबी किंवा काडी निवडली. वर्षानंतरही त्यांच्यातल्या ८६ टक्के जणी तेच वापरत होत्या. गोळ्या आणि तत्सम साधनांत हे प्रमाण ५५ टक्के होतं. आमच्या सिस्टरांना पैशाची अडचण नव्हती. त्यांची अडचण होती बंद दाराची आणि मोकळ्या अर्ध्या तासाची, आणि ती सोडवायला अनुदान लागत नाही.

वॉर्डात तिचं सांगणं आता थोडं बदललं आहे. तांबी हातात घेऊन दाखवते ते तसंच. पण आधी विचारते, कामावर किती तास उभं राहावं लागतं, मधे जायला मिळतं का. डोकं दुखतं का, हेही. आणि शेवटी सांगते, नको झाली तर या, मी काढायला लावेन. तिच्या ड्युटीत बसवून घेणाऱ्यांची संख्या पूर्वीपेक्षा थोडी कमी झाली आहे. त्यावर एका बैठकीत तिला विचारणा झाली. ती म्हणाली, बसवलेल्या मोजता तशा टिकलेल्याही मोजा. तेव्हापासून आम्ही सहाव्या महिन्याची नोंद ठेवू लागलो आहोत.

चौदा महिन्यांनी ती तपासणीला आली. हिमोग्लोबिन १२.१. रक्तदाब ठीक. अर्धशिशी आहे, पण मिश्र गोळ्या थांबल्यापासून त्या रेघा कमी वेळा येतात असं ती म्हणते. दोरे जागेवर दिसले. तांबी कधीपर्यंत चालेल ती तारीख मी कार्डावर लिहून दिली. तिने ते कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि निघताना सांगितलं, “मॅडम, पुढच्या दुपारी लॅबमधली एक जण येईल म्हणते. केसपेपर काढू नका.”